चार बोटं लांब डंपर

डंपर चार बोटं लांब करायचा, एवढाच निर्णय ठिणगीनं घेतला होता. त्यापायी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरेल, फ्रिज आत्याच्या उशाशी जाईल आणि एका सभ्य बाईंना आपल्या घरात बसायला खुर्चीसुद्धा मिळणार नाही, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. ऐकणं हा तिचा प्रांतच नव्हता. रांगायला लागल्यापासून ती जाईल तिथे जाळ व्हायचा, म्हणून आत्या तिला ठिणगी म्हणायला लागली, आणि खरं नाव कागदोपत्री उरलं.

ठिणगी इंजिनीअर होती. तिच्या पदवीचा कागद बाबांनी जाड पुठ्ठ्यावर इतका पक्का चिकटवला होता, की झेरॉक्स काढायची वेळ आली तेव्हा मशीनचं झाकण लागेना. बाबांचा बाइंडिंगचा धंदा. सुटी पानं दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. घरातल्या कपांचे कान, चपलांचे तळ, चष्म्याच्या काड्या, सगळं त्यांच्या डिंकावर आणि ट्यूबांवर उभं होतं. (एकदा त्यांनी आत्याची कवळी दुरुस्त केली होती. त्या आठवड्यात घरात फार शांतता होती.)

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पण मार्क देणं सुटलं नव्हतं. चहाला सहा, पंख्याच्या आवाजाला तीन, ठिणगीच्या वागण्याला कायम शून्य.

अशा घरात ठिणगी काय करायची, तर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे ट्रक बनवायची. एकावर एक दाबून बसवायचे आणि ओढून काढायचे, तेच ते ठोकळे. पण तिचे ट्रक शोकेसमध्ये बसून धूळ खाणारे नव्हते. त्यांच्या पोटात मोटारी होत्या, मोटारींपासून चाकांपर्यंत दातेरी गिअर होते, आणि हातात रिमोट घेतला की ते चालायचे, वळायचे आणि ओझं वाहायचे.

"एवढी शिकलीस आणि ठोकळे खेळतेस?" आत्या म्हणायची.

"खेळत नाही आत्या. डिझाइन करते."

"आमच्या बालवाडीत वर्गभर डिझायनर असायचे. सगळ्यांची नाकं पुसावी लागायची."

ठिणगी यावर काही बोलायची नाही. म्हणजे बोलायची, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीला नवा डिझायनर हवा होता. ठिणगीनं आपल्या डंपरची चित्रं आणि व्हिडिओ पाठवले होते आणि गाळत गाळत यादी तिच्यापर्यंत येऊन थांबली होती. कंपनीच्या मुख्य डिझायनर बाई रविवारी घरी येणार होत्या. त्यांचा नियमच होता: खेळणं ऑफिसच्या गुळगुळीत टेबलावर बघायचं नाही, ज्या घरात बनलं त्या घराच्या फरशीवर बघायचं.

डंपर पसंत पडला तर नोकरी पक्की. नाही पडला तर सोमवारपासून काकांच्या ऑफिसात तिची बसायची व्यवस्था झाली होती. (कामाला लागायची नव्हे, बसायची. काका शब्द जपून वापरतात.) काकांचं ऑफिस पाण्याच्या मीटरांच्या तक्रारींचं. "लोक येतात, ओरडतात, आपण शांतपणे ऐकून घ्यायचं. दुसरं काही काम नाही," असं काकांनी फोनवर सांगितलं होतं. ठिणगीला शांतपणे ऐकून घ्यायच्या नोकरीला बसवणं म्हणजे फटाक्याच्या दुकानात शेगडी ठेवणं. पण बाबा आणि आत्या दोघांनाही ती कल्पना फार आवडली होती.

"खुर्ची आहे, पंखा आहे, डबा खायला वेळ आहे," बाबा म्हणाले. "आणखी काय लागतं माणसाला?"

"श्वास," ठिणगी म्हणाली. "बाकी सगळं आहे."

तर डंपर. बाहेरच्या खोलीतून निघायचं, बोळातून जायचं, बोळाच्या टोकाला काटकोनात वळून स्वयंपाकघरात शिरायचं आणि हौदा वर करून ओट्याखाली बटाटे ओतायचे, असा ठिणगीनं मार्ग आखला होता. डंपर तो मार्ग हसत हसत पार करायचा. एकच खोट होती. बटाटे ओतायला हौदा वर गेला, की सगळं वजन मागे यायचं आणि डंपरची पुढची चाकं हवेत उचलली जायची. मागचे दोन पाय टेकून भीक मागणाऱ्या कुत्र्यासारखा तो दिसायचा.

ठिणगीनं विचार केला. मागची चाकं आणखी मागे नेली तर तोल सावरेल. म्हणून शनिवारी सकाळी तिनं डंपरचा खालचा सांगाडा, म्हणजे ट्रकवाले ज्याला चासी म्हणतात तो, चार बोटं लांब केला. हौदा वर केला. पुढची चाकं जमिनीवर घट्ट. ठिणगीनं घरभर आनंदानं नाचून घेतलं आणि मग ती नव्या बॅटऱ्या आणायला बाजारात गेली.

(आई चार दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. ती घरी असती तर ही कथा याच वाक्यात संपली असती.)

बॅटऱ्या घेऊन आल्यावर ठिणगीनं डंपर बोळात चालवून पाहिला. टोकाशी वळायला गेला आणि अडकला. नाक भिंतीला, शेपूट चपलांच्या कपाटाला. मागे घेतला, पुन्हा वळवला, पुन्हा अडकला. चार बोटं लांब झाल्यामुळे त्याला वळायला जास्त जागा लागत होती. बैलगाडी चालवणाऱ्यालाही जे कळलं असतं ते इंजिनीअरला बॅटऱ्या आणून झाल्यावर कळलं.

काही हरकत नाही, ठिणगी मनाशी म्हणाली, दोन बोटं कमी करू. चार आणि शून्याच्या मध्ये सुवर्णमध्य निघेल. तिनं डंपर उलटा केला, चासी धरली आणि ओढली.

चासी हलेना.

तिनं गुडघ्यात धरून ओढली. हलेना. दातात धरून ओढली. हलेना, वर जिभेवर एक ओळखीची कडवट चव आली. लहानपणापासून या घरातल्या प्रत्येक कपाच्या कानाला जी चव होती, ती.

"बाबा!"

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "काय गं?"

"माझ्या डंपरला हात लावलात?"

"छे! हात नाही लावला. ब्रश लावला."

"कसला ब्रश?"

"अगं, तू बाजारात गेलीस तेव्हा सहज उचलून बघितला. सगळा सुटासुटा! नुसता ठोकळ्यावर ठोकळा ठेवलेला. म्हटलं, उद्या परक्या बाई येणार, त्यांच्यासमोर पोरीचा ट्रक खिळखिळा नको. दुकानात नवी ट्यूब आलीये. चामडं, रबर, प्लॅस्टिक, काहीही धरते. खालचा भाग पक्का केला. वरचाही करणार होतो, पण ट्यूब संपली."

ठिणगीनं डंपर त्यांच्या नाकासमोर धरला. "बाबा, तो सुटाच असायला हवा! जोडायचा, मोडायचा, परत वेगळा जोडायचा. खेळच तो आहे!"

बाबांनी चष्मा वर केला. "मोडायचाच असेल तर जोडायचा कशाला?"

या प्रश्नाला ठिणगीकडे उत्तर होतं, पण त्याला बराच वेळ लागला असता आणि शेवटी ती रडली असती. म्हणून तिनं गरम पाणी आणलं. चासी बुडवली, काढली, ओढली. मग सुरीचं टोक घालून पाहिलं. सुरीचं टोक तुटलं. केस वाळवायचं मशीन लावून पाहिलं. चासी कोमट झाली. प्रत्येक प्रयत्नागणिक बाबांच्या चेहऱ्यावर अभिमान चढत होता.

"बघ," ते आत्याला म्हणाले, "हिला आता कळतंय बाइंडिंग म्हणजे काय."

"बाइंडिंगला नऊ," आत्या म्हणाली.

लांब पट्ट्या आणि गिअर जेवढे होते तेवढे सगळे त्या चासीत गाडले गेले होते. नवे मागवायचे तर आठवडा. बाई येणार उद्या. दुसरी कुणी असती तर तिनं बाईंना फोन करून खरं सांगितलं असतं. ठिणगीनं कमरेवर हात ठेवून बोळाकडे पाहिलं. डंपर छोटा होत नाही ना? ठीक आहे. घर मोठं करू.

"हे घरच चुकीचं बांधलंय," ती म्हणाली आणि बाह्या सावरल्या.

आधी चपलांचं कपाट हललं. डंपर आणखी वीतभर पुढे गेला आणि फ्रिजच्या कोपऱ्याला अडला. फ्रिज हलवला. मग तो स्वयंपाकघराच्या उघड्या दाराला धडकला, कारण दार आतल्या बाजूला उघडायचं. ठिणगीनं दाराकडे असं काही पाहिलं की दारानं आपण होऊन उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही, तेव्हा तिनं पेचकस आणला. दार उतरलं. आता मधल्या टेबलाचा पाय आडवा येत होता. टेबल गेलं. टेबल गेल्यावर खुर्च्यांना अर्थ राहिला नाही. त्याही गेल्या.

गेल्या म्हणजे कुठे? घरात बोळाला न लागणारी खोली एकच होती, आणि त्या खोलीत आत्या होती.

"माझ्या खोलीत फ्रिज?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे आत्या."

"आणि हे दार कुठे लावतेस?"

"लावत नाही, टेकवतेय."

"मी बाहेर कशी येणार?"

"तू तरी बाहेर येऊन काय करणार आहेस? मार्कच देणार ना? ते आतून ऐकू येतात."

आत्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात चपलांचं कपाट मध्ये आलं. थोड्या वेळानं कपाटामागून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बाटलीचं बूच, मग समाधानाचा सुस्कारा. "बाळ," आत्या बाबांना ओरडून म्हणाली (बाबांना ती अजून बाळच म्हणते), "अरे, पलंगावरून हात लांबवला की गार पाणी! हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?"

रविवारी बाई आल्या. आखूड केस, खांद्याला मोठी पिशवी, चालणं असं की जिना त्यांच्यासाठी थोडा सपाट झाला असावा. दारातच थांबून त्यांनी घर पाहिलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसती फरशी.

"तुम्ही नुकतेच राहायला आलात का?"

"नाही, माझा जन्म याच घरातला."

"मग सामान?"

"आम्ही..." ठिणगीनं घसा साफ केला. "आम्हांला साधं राहायला आवडतं."

"साधं कसलं!" आतून आवाज आला. "सगळं माझ्या उरावर आणून रचलंय!"

बाईंनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. तिथे चपलांचं कपाट होतं. "या कोण?"

"आत्या."

"त्या कपाटात राहतात?"

"कपाटामागे," बाबा मदतीला धावून आले. "तिची खोली आहे ती. तिला तिथे आवडतं. फ्रिज आहे."

ठिणगीनं बाबांकडे असं पाहिलं की दुसरा बाप असता तर गप्प झाला असता. मग तिनं रिमोट उचलला. बाईंना बसायला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे थेट मुद्द्यावर येणं सोपं गेलं.

"हा डंपर," ती म्हणाली. "एक मोटार मागच्या चाकांना, एक स्टेअरिंगला, एक हौद्याला. हौद्यात बटाटे आहेत. निघतोय."

आणि डंपर निघाला. हे सांगायलाच हवं, की तो फार देखणा निघाला. पिवळा हौदा, काळी चाकं, हळू आवाजात घरघरत, फरशीच्या सांध्यांवर किंचित डुलत, पण एक बटाटा न सांडता. बोळात शिरला. टोकाशी आला. ठिणगीनं श्वास रोखून स्टेअरिंगची कळ दाबली. नाक भिंतीपासून केसभर अंतरावरून गेलं, शेपूट दुसऱ्या भिंतीपासून केसभर. जिथे काल दार होतं तिथून तो स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली थांबला, हौदा वर केला. पुढची चाकं जमिनीवरून तसूभर हलली नाहीत. बटाटे गडगडत गेले.

"वा," बाई म्हणाल्या.

ठिणगीच्या डोळ्यांसमोरून काकांचं ऑफिस विरघळायला लागलं. आधी पंखा गेला, मग खुर्ची.

"तोल छान साधलाय," बाई खाली बसत म्हणाल्या. "आता उघडून दाखवा."

"काय?"

"चासी. मधून सुटी करा. आमचा मूळ मुद्दा तोच आहे. मुलांनी आज डंपर केला तर उद्या त्याच ठोकळ्यांचा टँकर करता आला पाहिजे."

ठिणगीनं डंपर हातात घेतला. ओढल्यासारखं केलं. "आज जरा घट्ट झालाय. हवेमुळे."

"हवेमुळे?"

"दमट आहे ना."

बाईंना ठोकळे रोज हाताळायची सवय. "आणा इकडे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक टोक धरलं. ठिणगीनं दुसरं धरलं, कारण सोडून दिलं असतं तर संशय आला असता. दोघी ओढायला लागल्या. बाईंनी एक पाय भिंतीला लावला. ठिणगीनं दोन्ही लावले.

"ओढा, ओढा!" बाबा अगदी रंगात आले. "हत्ती लावलेत तरी निघायचं नाही."

ठिणगीनं डोळे मोठे केले, भुवया हलवल्या, मानेनं नकार दिला. बाबांना वाटलं, तिला जोर लागतोय.

"का निघणार नाही?" बाईंनी विचारलं.

"मी स्वतः चिकटवलंय," बाबा म्हणाले. "दोन हात दिलेत ट्यूबचे."

त्याच क्षणी बाईंचा हात सटकला. डंपर उडाला आणि फरशीवर आपटला. केबिन एका दिशेला, हौदा दुसऱ्या दिशेला, बाकीचे ठोकळे साऱ्या रिकाम्या घरभर. चासी मात्र अखंड. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

बाई उठल्या आणि त्यांनी हात झटकले. "चिकटवलेली वस्तू खेळणं नसते. आमचा हा नियम तुम्हांला माहीत होता ना?"

"होता," ठिणगी म्हणाली.

"मग माफ करा. मला हा डंपर घेता येणार नाही."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. काकांचं ऑफिस पुन्हा जागच्या जागी आलं, पंख्यासकट. आणि ठिणगीचा इतका वेळ दाबून धरलेला भडका उडाला.

"झालं समाधान?" ती बाबांवर कडाडली. "विचारायचं नाही, सांगायचं नाही, दिसलं की चिकटवायचं! सगळं पक्कं पाहिजे तुम्हांला. नोकरी पक्की, खुर्ची पक्की, पोरगी पक्की! आणि ती आत बसून मार्क देते! आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या हातानं केली नाही, दुसऱ्याच्या कामाला मार्क! तुम्हां दोघांना यातला एक ठोकळा तरी जागेवर बसवता येईल का? एक?"

मग आतून पलंग करकरला. चपलांचं कपाट थरथरलं, इंचभर सरकलं, आणि फटीतून आधी एक हात, मग चष्मा, मग पूर्ण आत्या बाहेर आली.

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, तुम्हांला जमणार नाही."

"मला नापास करतेस?" आत्या म्हणाली. "मला?"

आत्याचे गुडघे म्हणजे या घरातला मोठा विषय होता. जमिनीवर बसणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. कुणी सतरंजी अंथरली तरी ती त्या माणसाकडे दुष्मनासारखी बघायची. तीच आत्या भिंतीला धरून, "आई गं, आई गं" करत फरशीवर बसली आणि तिनं पदर खोचला.

"बाळ, तो लाल दे."

"ताई, लाल नाही, आधी काळे लागतात," बाबाही मांडी ठोकून बसले. "आणि चासी माझी आहे. चासीवर मी बसवणार."

"तुझी कशी? तू नुसती चिकटवलीस."

"म्हणूनच तर टिकली!"

"केबिन उलटी लावतोयस. ड्रायव्हर काय मागे बघून चालवणार?"

"तुला कधी गाडी चालवता आली?"

"तुला कधी लावता आली? अहो," आत्या दाराकडे वळून म्हणाली, "तुम्ही तिथे उभ्या राहून काय बघताय? तुमच्या पायाशी पिवळा आहे तो द्या. तो नाही, लांबडा. हां. उभ्या मुलींचा उपयोग करून घ्यावा."

बाई, ज्या एव्हाना जिना उतरून जायला हव्या होत्या, त्यांनी वाकून पिवळा ठोकळा दिला. आणि त्या गेल्या नाहीत.

ठिणगी भिंतीला टेकून बघत राहिली. तिला खात्री होती की आता फजिती होईल, आणि ती तिला डोळे भरून बघायची होती. हौदा वाकडा बसला. केबिनला एका बाजूला दोन दारं, दुसऱ्या बाजूला एकही नाही. पण हौदा बसला आणि केबिनही बसली. खालची चासी पक्की होती, त्यामुळे दोघांनी वरून कितीही दाबलं, ठोकलं, भांडता भांडता हिसकलं, तरी गाडा मोडत नव्हता. मग आत्यानं रिमोट घेतला. डंपर थेट भिंतीवर गेला. आपटला. मागे आला. पुन्हा त्याच भिंतीवर गेला.

"भिंतीला शून्य," आत्या म्हणाली. "मध्ये येते."

"ताई, आता मला दे."

"थांब. वळता येतंय मला."

"मघापासून तेच म्हणतेयस! दे ना!"

"आई गं, गुडघा!" आत्या किंचाळली, आणि बाबा घाबरून वाकले तशी ती रिमोट घेऊन बसल्या बसल्या फिरली. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

बाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी पिशवी खाली ठेवली, मोबाइल काढला आणि पार स्वयंपाकघरापर्यंत मागे मागे जात ते सगळं टिपून घेतलं. मग त्या ठिणगीजवळ आल्या.

"मुलांचे ट्रक आमच्याकडे ढिगानं आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हाताऱ्यांसाठी एकही नाही. बोटं आखडलेली असतात. बारीक जोडण्या जमत नाहीत, म्हणून ते हातच लावत नाहीत. पण खालचा भाग तयार दिला, पक्का, न मोडणारा, आणि वरचा त्यांना रचायला ठेवला तर? ही चासी कुणाची कल्पना?"

गिअर तिचे होते. तोल तिचा होता. स्टेअरिंग तिचं होतं. चार बोटंसुद्धा तिची होती.

"ट्यूब बाबांची," ती म्हणाली.

"तुम्ही उद्यापासून या. नवा विभाग काढू. साठीच्या पुढच्यांसाठी मोटारीचे ट्रक. डिझाइन तुमचं."

ठिणगीनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला, की बाईंनी तो नंतर बराच वेळ चोळला. काकांचं ऑफिस कायमचं बुडालं. जिंकलो! कुणी चिकटवो, कुणी मार्क देवो, शेवटी जिंकलो! या आनंदाच्या भरात तिनं बाईंचं पुढचं वाक्य नीट ऐकलं नाही. (ऐकणं हा तिचा प्रांत नव्हता, हे आलंच आहे.) पुढचं वाक्य असं होतं, की प्रत्येक ट्रक आधी दोन परीक्षकांनी तपासायचा, त्यांनी पास केला तरच पुढे जायचा, आणि परीक्षक शोधायला आपल्याला आता कुठे लांब जायला नको.

ते वाक्य तिला सोमवारी सकाळी समजलं. कंपनीची गाडी दारात आली. ठिणगी केस नीट करून, ठोकळ्यांची पेटी घेऊन पुढे झाली, तर ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं नाव नाही माझ्याकडे. दोन सीनियर परीक्षक न्यायला सांगितलंय." तेवढ्यात इस्त्रीची साडी नेसून आत्या आणि नवी ट्यूब खिशात घालून बाबा जिना उतरून आले. मागे जागा आहे का, असं ठिणगीनं विचारलं. मागे आत्याचा पाय लांब करायचा होता.

ठिणगी पेटी घेऊन बस स्टॉपवर उभी राहिली. गाडी तिच्यासमोरून गेली, थोडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. काच खाली सरकली. ठिणगीनं पेटी उचलली. कितीही झालं तरी रक्ताची माणसं.

"बरं झालं दिसलीस," आत्या म्हणाली. "पोचलीस की आधी त्या स्टेअरिंगचं बघ, फार ओढतंय एका बाजूला. सध्या तरी चारच मार्क देतेय. आणि उशीर करू नकोस, आम्हां परीक्षकांना दुपारी आडवं व्हायचं असतं."

काच वर गेली.